संस्थांची संख्या आणि साहित्याचा इतिहास

देशातील ना-नफा संस्थांची मोजदाद केंद्रीय सांख्यिकी संघटनेने हाती घेतली, तेव्हा २००८ अखेरपर्यंतच्या नोंदींवरून निघालेल्या पहिल्या आकड्यांत महाराष्ट्राचा क्रमांक सर्वांत वर लागला. महाराष्ट्रात सुमारे ४ लाख ८० हजार संस्था नोंदलेल्या होत्या. त्याखालोखाल आंध्र प्रदेशात ४ लाख ६० हजार, उत्तर प्रदेशात ४ लाख ३० हजार आणि केरळात ३ लाख ३० हजार संस्था होत्या. असा आकडा हाती आला की अभिमानाची भाषणे लिहिणे सोपे जाते. सार्वजनिक सभेपासून आनंदवनापर्यंतची नावे ओळीने घेता येतात आणि संस्थाजीवन हा मराठी समाजाचा स्वभावच आहे, ह्या जुन्या समजुतीस सरकारी शिक्कामोर्तब मिळाल्यासारखे वाटते.

परंतु त्याच गणनेचा अंतिम अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील दुसरा आकडा फारसा कोणी उद्धृत केला नाही. देशभरात नोंदलेल्या सुमारे ३१ लाख ७० हजार संस्थांपैकी प्रत्यक्ष शोध घेतला असता ज्यांचा ठावठिकाणा लागला, त्यांची संख्या सात लाखांच्या आतच भरली. म्हणजे पाचांतील जवळजवळ चार संस्था कागदावर होत्या, पत्त्यावर नव्हत्या. ह्याचा अर्थ त्या सर्व खोट्या होत्या असा घेणे उतावळेपणाचे होईल. काहींचे बिऱ्हाड बदलले असेल, काही संस्थापकांबरोबर संपल्या असतील, काहींनी आपले काम पुरे करून शांतपणे दार लावून घेतले असेल. आपल्याकडे संस्थेच्या जन्माची नोंद होते, मृत्यूची सहसा होत नाही. त्याच अहवालानुसार १९७० पर्यंत नोंदलेल्या संस्था देशात दीड लाखही नव्हत्या, तर २००० नंतरच्या आठनऊ वर्षांत अकरा लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. तेव्हा ह्या आकड्यात जुन्या-नव्या, जित्या-मेल्या, शंभर वर्षांच्या वाचनालयापासून काल काढलेल्या न्यासापर्यंत सर्व काही एकाच ओळीत उभे आहे. संख्या सांगितली गेली, प्रकार सांगायचे राहिले.

ही तक्रार अर्थशास्त्र्यांनी करावी, साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. ह्या प्रश्नाचे उत्तर खुद्द कायद्याच्या शब्दांतच आहे. १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम हा ह्या साऱ्या पसाऱ्याचा मूळपुरुष. कोणत्याही वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा धर्मादाय हेतूने सात अथवा अधिक माणसे एकत्र आली तर त्यांना संस्था म्हणून नोंदता येईल, असे तो सांगतो. हेतूंच्या ह्या यादीत पहिला शब्द ‘वाङ्मयीन’ हा आहे. विलायतेतील १८५४ च्या ज्या कायद्यावर त्याची घडण झाली, त्याच्याही नावात साहित्य आणि शास्त्र हीच जोडी होती. अधिनियमाच्या विसाव्या कलमात तर साहित्याचा आणि ललितकलांचा प्रसार, उपयुक्त ज्ञानाचा फैलाव, ग्रंथालये, वाचनगृहे, संग्रहालये अशी ओळच मांडली आहे. आज दिल्लीत ‘एनजीओ’ म्हटले की डोळ्यांपुढे रुग्णवाहिका, पाणलोट किंवा परिषदेचे दालन येते. ज्या कायद्याने त्या संस्थेला अस्तित्व दिले, त्याच्या डोळ्यांपुढे मात्र आधी पुस्तकाचे कपाट होते.

नव्वद वर्षांनंतर, १९५० मध्ये, मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांचा कायदा केला. पुढे त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले. त्यात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची जी व्याख्या आहे ती मुळातून वाचण्यासारखी आहे. देऊळ, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी, व्यापाऱ्यांनी उदिमावर घेतलेला धर्मादा, आणि त्याच ओळीच्या शेवटी १८६० च्या कायद्याखाली धार्मिक वा धर्मादाय हेतूने नोंदलेली संस्था, अशी ती व्याख्या आहे. म्हणून महाराष्ट्रातील संस्थेच्या पत्रशीर्षावर दोन नोंदणी क्रमांक असतात आणि दुसऱ्याच्या आधी ‘एफ’ हे अक्षर असते. ज्या अधिकाऱ्याकडे ती हिशेब पाठवते त्याचे नाव धर्मादाय आयुक्त. धर्मादाय हेतू कोणते, हे सांगताना मात्र ह्या कायद्याने गरिबांस साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत अशी नावे घेतली आणि साहित्याचे नाव घेतले नाही. साहित्य परिषद ह्या कायद्यापुढे उभी राहते ती ‘सर्वसाधारण लोकोपयोगी असा अन्य कोणताही हेतू’ ह्या शेवटच्या कप्प्यात. १८६० मध्ये जे पहिले होते ते १९५० मध्ये ‘अन्य’ झाले. कायदा करणाऱ्यांच्या मनात साहित्याविषयी आकस होता असे नव्हे. देवस्थानांच्या उत्पन्नावर देखरेख हा त्यांचा मुख्य उद्देश होता आणि त्या जाळ्यात परिषदा आणि वाचनालयेही आली. तथापि, अन्य म्हणून मोजलेल्या गोष्टीचा हिशेब अन्य म्हणूनच ठेवला जातो.

तरीसुद्धा देऊळ आणि सभा एकाच नोंदवहीत ठेवणारा हा कायदा इतिहासाला धरून आहे असे म्हणावे लागते, आणि ते बहुधा नकळत घडले आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेचा उगम पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून झाला. देवस्थानाचा पैसा लोकांचा आहे आणि त्याचा जाब लोकांनी विचारावा, एवढ्यासाठी जमलेली मंडळी १८७० मध्ये सरकारला जाब विचारणारी सभा होऊन बसली. सभासदाने किमान पन्नास जाणत्या माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम होता. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या मागे सहा हजारांवर माणसांच्या सह्या होत्या. ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाला पुढे जो अर्थ मराठीत आला, तो ह्या मुखत्यारपत्रांनी घडवला. हिंदीत आज ‘गैर-सरकारी संगठन’ म्हणतात, इंग्रजीतही तोच नकार आहे. सरकार नव्हे ते, अशी ही व्याख्या. मराठीने ‘सार्वजनिक’, ‘धर्मादाय’, ‘स्वयंसेवी’ अशी होकाराची नावे पसंत केली. भारतीय भाषांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी ह्या एकाच क्षेत्राची निरनिराळ्या भाषांतील नावे गोळा केली, तर राज्यसंस्था आणि समाज ह्यांच्या नात्याचा एक छोटा कोशच तयार होईल. ते काम अद्याप कोणी केल्याचे दिसत नाही.

मराठी ग्रंथव्यवहाराचा पहिला सार्वजनिक पैसाही धर्मादायातूनच आला. पेशव्यांच्या श्रावणातील दक्षिणेचा निधी इंग्रज सरकारने पुढे चालू ठेवला. त्यातील काही रक्कम मराठी ग्रंथांस बक्षिसे देण्याकडे वळवावी अशी मागणी लोकहितवादी आणि इतरांनी केली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. ब्राह्मणभोजनाच्या पैशातून मराठी गद्य उभे राहिले, असे सूत्ररूपाने म्हणता येईल. पण त्याच कमिटीने १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ स्वीकारले नाही, ही त्या सूत्राची दुसरी बाजू. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या निमंत्रणास फुल्यांनी पत्राने नकार दिला आणि ज्यांना माणुसकीचे हक्क नाकारले गेले त्यांच्या ग्रंथांचा ह्या सभांशी मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय होता. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापले गेले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ह्या पत्राचा उल्लेख फुल्यांच्या चरित्राचा भाग म्हणून होतो. वस्तुतः ते संस्थेच्या इतिहासातील पत्र आहे: सभा कोणाची, तिचे सभासद कोण, तिने कोणाच्या वतीने बोलावे, हा त्यातील प्रश्न आहे. सत्यशोधक समाज १८७३ मध्येच स्थापन झाला होता. त्या प्रवाहातून निघालेले मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ १९१० पासून नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून चालले. फुल्यांचा नकार हा एकट्या लेखकाचा हट्ट नव्हता, त्याच्यामागे दुसऱ्या प्रकारचे संस्थाजीवन उभे होते.

विविधता म्हणजे केवळ निरनिराळ्या कामांच्या संस्था, असा समज सांख्यिकीमुळे होतो. आरोग्य इतक्या, शिक्षण इतक्या, संस्कृती इतक्या, असे तक्ते तयार होतात. खरी विविधता ही एकाच कामासाठी परस्परांना नाकारून उभ्या राहिलेल्या संस्थांची असते. ग्रंथकार सभेतून वाढलेल्या अखिल भारतीय संमेलनाच्या बाजूला १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, १९९९ मध्ये धारावीत विद्रोही साहित्य संमेलन भरले. ख्रिस्ती, ग्रामीण, आदिवासी, जनसाहित्य अशी संमेलने आणखी आहेतच. बाहेरचा निरीक्षक ह्याला फाटाफूट म्हणतो आणि मराठी माणसाच्या भांडखोरपणावर विनोद करतो. पण ज्या भाषेत नकार देणाऱ्याला स्वतःचा मांडव घालता येतो, त्या भाषेचे साहित्य एका मांडवाच्या भाषेपेक्षा अधिक मोकळे राहते. मराठीतील दलित साहित्याकडे देशभरातील भाषांचे लक्ष गेले त्याचे श्रेय लेखकांना आहेच. त्याचबरोबर पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही १९४५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेली शिक्षणसंस्था, तिचे १९५० मध्ये औरंगाबादेस निघालेले महाविद्यालय, त्या परिसरात वावरलेले म. ना. वानखेडे आणि ‘अस्मितादर्श’ चालवणारे गंगाधर पानतावणे, हा सारा संस्थात्मक आधार वगळून ती घटना समजणार नाही.

येथे ग्रंथालयांविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. १८६० चा कायदा होण्यापूर्वीच ही मंडळी जमली होती. पुढे ठाण्यास १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, मुंबईत १८९८ मध्ये. ठाण्याच्या संग्रहालयाच्या संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे होते, आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे ते हेच. मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास ज्याने लिहिला तो प्राध्यापक नव्हता, वाचनालय काढणारा गृहस्थ होता. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथसूची प्रत्येक अभ्यासकाच्या मेजावर असते. ती शक्य झाली, कारण अशा वाचनालयांनी दरवर्षीची वर्गणी जमवून पुस्तके विकत घेतली होती, त्यांना पुठ्ठे घातले होते आणि वाळवीपासून राखले होते. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये ग्रंथालय कायदा करताना ग्रंथालयकर बसवला आणि सार्वजनिक ग्रंथालय ही शासनाची जबाबदारी मानली. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात तसे केले नाही. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांस मान्यता द्यावी, अ, ब, क, ड असे वर्ग करावे आणि अनुदान द्यावे, ही पद्धत स्वीकारली. ह्या पद्धतीने आज अकरा-बारा हजार ग्रंथालये उभी आहेत. तिचे गुण आणि दोष एकाच मुळातून आले आहेत. गावच्या मंडळींचा हात त्यात राहिला म्हणून ग्रंथालय गावाचे राहिले, आणि त्याच मोकळीकीमुळे कपाटाविना अनुदान घेणारीही निघाली. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी झाली आणि नव्या मान्यता थांबल्या. बोगसांबरोबर धडपडणारेही अडकले. पडताळणीस आलेल्या अधिकाऱ्याने पुस्तके आणि सभासद मोजावेत हे योग्यच होते; पण १८७५ ची एक जीर्ण प्रत आणि मागच्या मार्चअखेरीस घाऊक घेतलेले पन्नास ग्रंथ ह्यांत भेद करणारा रकाना त्याच्या तक्त्यात असणार कोठून?

संस्थांनी साहित्याला आश्रय दिला, हे विधान तसे परिचित आहे. त्याहून कमी परिचित गोष्ट अशी की वर्गणी गोळा करणे ह्या कामातूनच मराठीत लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार जन्मास आला. पंडिता रमाबाईंचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे १८८७ चे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निधी उभारण्यासाठीच लिहिलेले होते. त्याच्या जोरावर बोस्टनला संघ स्थापन झाला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या अमेरिकेवरील मराठी प्रवासवृत्तात तिकडील धर्मादाय कार्याचा आणि स्त्रियांच्या संघटनांचा वृत्तांत विस्ताराने येतो. परदेशी पैसा आणि धर्मांतर ह्यावरून १८९३ मध्ये शारदासदनावर ‘केसरी’ने जे वादळ उठवले ते पाहिले, म्हणजे परदेशी अंशदानावरील १९७६ आणि २०१० च्या कायद्यांमागील संशय काही दिल्लीत प्रथम जन्मास आला नाही, हे ध्यानात येते.

ह्याच शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. त्यात भावनेचा भर कमी आणि हिशेबाचा अधिक, म्हणून काही टीकाकारांस ते रूक्ष वाटते. परंतु ज्याला प्रत्येक देणगीदाराला उत्तर द्यावयाचे आहे त्याचे गद्य असेच होणार. रकमेचा आकडा हेच तेथे सत्यकथनाचे प्रमाण आहे. बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ त्याच घराची दुसरी बाजू सांगते: संस्थेला सर्वस्व दिलेल्या माणसाच्या संसाराला काय उरले, ह्याचा रोखठोक जाब त्यात आहे. आणि बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ तर वर्गणीसाठी केलेल्या भ्रमंतीचेच आत्मकथन म्हणता येईल. हिंगण्याच्या आश्रमासाठी ही विधवा बाई गावोगाव हिंडली, अनोळखी लोकांपुढे व्याख्याने देत राहिली आणि अखेर अमेरिकेपर्यंत गेली. १९२८ च्या ह्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर जस्टिन अॅबट ह्यांनी दोन वर्षांत केले, हेच अॅबट मराठी संतचरित्रांचे भाषांतरकार होत. मराठी स्त्रीआत्मचरित्रांविषयी बरेच लिहिले गेले आहे. पण ही बाई बोलते आहे ती देणगी मागून मागून सरावलेल्या आवाजात, श्रोत्याचा नकार आधीच गृहीत धरून, ही गोष्ट शैलीच्या चर्चेत येत नाही. संस्थेचे वार्षिक अहवाल, देणग्यांच्या याद्या आणि आवाहने ह्यांच्याशेजारी ठेवून ही पुस्तके वाचली तर त्यांची वाक्यरचना निराळी दिसू लागेल.

नोंदवहीत न मावणारेही पुष्कळ आहे. केतकरांनी ज्ञानकोशासाठी भागभांडवलाची मर्यादित कंपनी काढली. कायद्याच्या दृष्टीने तो नफ्याचा उद्योग होता आणि त्यात नफा कोणास झाला हे सांगावयास नको. उलट १९५५ मध्ये निघालेले ‘शब्द’, अशोक शहाण्यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाड्यांचे ‘वाचा’ ही अनियतकालिके कोणत्याही आयुक्ताच्या दप्तरात नव्हती. त्यांना घटना नव्हती, कार्यकारिणी नव्हती, सात सभासदही पुरते नसत. ना-नफा हा शब्द अक्षरशः लागू पडावा असे मराठीत दुसरे काही नसेल; पण गणनेच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती. मराठी कविता आणि कादंबरी मात्र तेथून वळली.

दिल्लीतून पाहणाऱ्यास आणखी एक अडचण येते. गणना राज्यवार होते आणि साहित्य भाषावार असते. बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. ती भरवणारी मंडळे नोंदवायची झाली तर कर्नाटकाच्या १९६० च्या कायद्याखाली नोंदवावी लागतात. म्हणजे महाराष्ट्राच्या चार लाख ऐंशी हजारांत त्यांना जागा नाही आणि कर्नाटकाच्या संस्थाजीवनाचा विचार करणाऱ्यांस त्यांची आठवण होण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या मराठी संस्थांची हीच गत. खुद्द राजधानीच्या परिसरात तर हे अधिकच गमतीदार होते. पहाडगंजातील नूतन मराठी शाळेच्या भोवती वाढलेले एखादे कुटुंब नोएडाला राहावयास गेले आणि दुसरे गुरुग्रामला, तर त्यांनी काढलेली मंडळे अनुक्रमे उत्तर प्रदेशाच्या आणि हरियाणाच्या नोंदवहीत जातील. हरियाणाचा तर २०१२ पासून स्वतंत्र कायदाच आहे. गणपती एकच, निबंधक तीन.

दिल्लीचा दुसरा चमत्कार ह्याहून मोठा आहे. १९५४ मध्ये शासनाच्या पुढाकाराने निघालेली साहित्य अकादेमी ७ जानेवारी १९५६ रोजी १८६० च्या कायद्याखाली संस्था म्हणून नोंदली गेली. तरवडीच्या वाचनालयास जो कायदा लागू तोच रवींद्र भवनास. शासनाने स्वतःच स्वयंसेवी संस्थेचा वेश घेतल्यावर शासन कोठे संपते आणि समाज कोठे सुरू होतो, हे नोंदणी क्रमांकावरून कसे ठरवावे? महाराष्ट्रात घडले ते उलट दिशेने. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, म्हणजे लोकाश्रयावरील एका पाठशाळेत, घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९६० मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोश त्यांनी वाईलाच नेला. समाजाची संस्था शासनाच्या कामाला बुद्धी पुरवत होती. हेच तर्कतीर्थ १९५४ मध्ये दिल्लीत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ९८ वे संमेलन तालकटोरा मैदानावर तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली भरले. यजमान संस्था होती पुण्याची ‘सरहद’. राजधानीतील मराठी संस्थांच्या अंगी एवढे बळ उरले नव्हते की मुद्दाम तसे ठरले, ह्यावर मतभेद होऊ शकतील. पण संमेलन आता भाषिकांच्या वर्गणीवर न चालता अनुदान आणि प्रायोजक ह्यांच्या बळावर चालते, ह्यावर होणार नाहीत.

खरा धोका येथे आहे. जी संस्था वर्गणीवर जगते तिला सभासदांस जाब द्यावा लागतो. जी अनुदानावर जगते तिची मान दुसरीकडे वळते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, तेव्हा ही मान किती सहज वळते ते दिसले. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे, की त्या निर्णयाविरुद्ध बोलणारे लेखक आणि घटक संस्थांतील सभासद महाराष्ट्रात निघाले आणि संमेलनाच्या अध्यक्षा अरुणा ढेरे ह्यांनीही व्यासपीठावरूनच नापसंती व्यक्त केली. संस्थाजीवन पुरते आटलेले नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्यातील दोन टक्के सामाजिक कार्यास देणे मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक केले. त्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयांचाही उल्लेख आहे, तो ग्रंथालये ‘उभारण्या’चा. चालवण्याचा नाही. उभारलेल्या इमारतीवर पाटी लावता येते, ग्रंथपालाच्या पगारावर लावता येत नाही. शिवाय हा पैसा घेण्यासाठी लेखापरीक्षणाचे अहवाल, निरनिराळी प्रमाणपत्रे आणि इंग्रजीतील प्रस्ताव लागतात. तालुक्याच्या वाचनालयाच्या चिटणिसाला, जो बहुधा निवृत्त शिक्षक असतो, विश्वस्त बदलल्याची नोंद नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात करावयाची असते आणि तिचा फेरफार अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो. तोवर नव्या विश्वस्तांची नावे दप्तरात चढत नाहीत आणि मृत अध्यक्षाच्या सहीवाचून काम अडते. अशा रीतीने मोठ्या संस्था अधिक मोठ्या होतात, लहान संस्था कागदावर उरतात, आणि संख्या मात्र वाढतच जाते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ह्या दर्जाबरोबर येणारा निधी आणि केंद्रीय विद्यापीठांतून निघणारी अध्यासने प्राचीनतेकडे वळणार हे उघड आहे. गाथा सप्तशती आणि लीळाचरित्र ह्यांचा अभ्यास व्हावा ह्याविषयी दुमत नाही. पण त्या ग्रंथांच्या जतनासाठी धडपडणाऱ्या संस्था निदान परिचित आहेत. विसाव्या शतकातील संस्थांच्या इतिवृत्तांच्या वह्या, आजीव सभासदांच्या याद्या, वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रतींची बाडे आणि आयात-निर्यात नोंदींची पुस्तके सध्या कोठे ठेवली जातात, हे त्या त्या संस्थेच्या शिपायाखेरीज क्वचितच कोणास ठाऊक असते. कोणत्या गावात कोणती कादंबरी किती वेळा नेली गेली, हे सांगणारा दुसरा पुरावा मराठीत नाही. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयांपुरती जरी अशा वह्यांची सूची एखाद्या विद्यापीठाने दात्यांच्या पद्धतीने करावयास घेतली, तर पहिल्या वर्षाचा खर्च एका चर्चासत्राहून अधिक येणार नाही. रत्नागिरीपासून आरंभ करावा. पावसाळा आणि वाळवी ह्यांना तेथे सर्वांत अधिक घाई असते.